दोघंबी नापास

मार्चच्या मॅट्रिकचा निकाल बघायला ज्ञानोबा एकटाच कळंबला गेला होता. सांजच्या एसटीनं परतला, पायावर पाणी घेतलं आणि बायकोला म्हणाला, "आपुन दोघंबी नापास. इंग्रजीत."

सरूबाईनं तांब्या तिथंच ठेवला. लग्नाआधी तिची दहावी झाली होती, अकरावीची मॅट्रिक तेवढी राहिली होती. बाहेरून मॅट्रिक व्हायचं, मग डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, एवढं एकच तिनं आयुष्यात मागितलं होतं. ज्ञानोबासाठी तर सोसायटीतली कारकुनाची जागा मॅट्रिकवर अडली होती. बहात्तरच्या दुष्काळानं आधीच घराची कंबर मोडलेली, त्यात हा तेरावा महिना. पुढच्याच महिन्यात ती जागा दुसऱ्यानं धरली आणि ज्ञानोबा रोजगार हमीवर खडी फोडत राहिला.

सासू विठाबाई वाईट नव्हती, पण लई हट्टी. एकट्या बाईनं कळंबला जायचं न्हाय, हा तिचा कायदा. लेक ऑक्टोबरला पुन्हा बसतोय म्हटल्यावर नाइलाजानं म्हणाली, त्याच्यासंगं जाती तर जा. पण ह्या डावाला न्हाय झालीस तर पुस्तकं चुलीत.

मग दर रविवारी दोघं कळंबला, तिथल्या इंग्रजीच्या गुरुजींच्या शिकवणीला. एसटीत ज्ञानोबा पुस्तक धरी आणि तिलाच प्रश्न विचारी. शिकवणीत मात्र मागं बसून चक्क डुलक्या घेई. गुरुजीही त्याला काही विचारीत नसत. सरूबाईचा जीव जळे.

"आवं, जरा तुमीबी वाचा की."

"तू हो पुढं. माझं बघू."

परीक्षेला बायकांची खोली पुढं, पुरुषांची मागल्या अंगाला. पेपर संपवून ती बाहेर आली, तर तो आधीच फाटकाशी उभा. कसा गेला विचारलं तर म्हणाला, मार्चसारखाच.

निकालही त्यानंच पाहून आणला. सरूबाई पास! त्याचे पहिले पाढे पंचावन्न. विठाबाईनं गावभर गूळ वाटला, पण सरूबाईनं आपल्या वाटचा खडा तसाच ठेवून दिला. ज्याच्या जिवावर आपण कळंब गाठलं तोच मागं राहिला, याची तिला लाज वाटत होती.

मार्कलिस्ट मीच आणतो, असं ज्ञानोबा दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. नापास माणसानं पुन्हा त्या शाळेची पायरी चढून कशाला जीव दुखवून घ्यायचा? विठाबाईचा कायदाही आता मऊ झाला होता. म्हणाली, मास्तरीण व्हणार तू, जा एकटी.

शाळेच्या कचेरीत कारकुनानं तिची सही घेतली, मार्कलिस्ट दिली आणि कपाटातून आणखी एक कागद काढला.

"हेही घेऊन जा, बाई. तुमचे मालक मार्चमध्येच पास झाले, पण सर्टिफिकेट न्यायला काही येत नाहीत."