माणशी एक बादली

बाथरूमच्या दारावर तो कागद मीच चिकटवला होता, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. 'माणशी एक बादली. उरलेलं पाणी झाडांना.' घरातले सगळे मुकाट्याने पाळायचे. सासऱ्यांना मात्र रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तीन-तीन बादल्या लागायच्या.

एकदा चहाच्या वेळी मी सगळ्यांदेखत बोललेच, "बाबा, तुमच्या एकट्याच्या आंघोळीत माझी अख्खी बाग भिजेल!"

सगळे हसले. मान खाली घालून तेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची एकच बादली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आठवड्याभरात ते चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी पार कमी झालंय. पीत नाहीत का हे?"

घरी आल्यावर मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. "असं काय हो बाबा? प्यायच्या पाण्याला कुणी नाही म्हटलं होतं का?"

त्यांनी पेला घेतला नाही. दारावरच्या कागदाकडे बघत हळूच म्हणाले,

"अगं, दुपारनंतर घोटभरही प्यायलो नाही, की सकाळी चादर धुवावी लागत नाही."