चटईखाली

उजाडायच्या आत सोसे फिलिपोच्या अंगणात येऊन मांडी घालून बसली आणि आईने विणलेली मानाची चटई तिने डोक्यावरून ओढून घेतली. आता उठायचं नाही. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात असं बसायचं. त्याने येऊन चटई उचलली तर क्षमा झाली. नाही उचलली तर दिवसभर ऊन खायचं आणि खालमानेने घरी जायचं. सवाई बेटावर याला इफोगा म्हणतात, आणि पोरंसोरंही त्याची थट्टा करत नाहीत.

थट्टा मोठ्यांनी केली. पाव आणायला निघालेल्या दोन बायका कुंपणापाशी थबकल्या.

“अगं बाई, एकटीच?”

“मग काय! इफोगाला अख्खं घराणं येतं. हिच्या मागे बसायला आहे कोण? हिनंच सगळ्यांना तोडलंय.”

सोसेने ऐकलं. त्यात खोटं काय होतं? अठरा वर्षांपूर्वी जमिनीच्या एका तुकड्यावरून ती भावाशी भांडली, आणि तो गेला तेव्हा त्याच्या मातीलाही गेली नाही. मग माणसं यायची बंद झाली. तिलाही ते बरंच वाटलं. गावात म्हणायचे, सोसेच्या अंगणात शिरलेली कोंबडी परत येत नाही.

फिलिपो शिरला तो गाण्यांमुळे. गावातून शहराकडे जाणारी लाकडी बस तो चालवायचा, आणि तिच्यातली गाणी दोन गावांना ऐकू जायची. एकदा सोसे झाडू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“काय म्हातारे, चढतेस का?” त्याने विचारलं.

“आधी तुझं ते डबडं बंद कर!”

दुसऱ्या दिवसापासून तिचं घर आलं की गाणं थांबायचं, आणि खिडकीतून एक पाव तिच्या ओट्यावर येऊन पडायचा. पहिला तिने डुकरांना घातला. दुसराही घातला. तिसरा खाल्ला, आणि खाल्ला म्हणून स्वतःवरच चिडली. पुढे त्याची बायको लागी पत्ते घेऊन येऊ लागली. सोसे खेळताना लबाडी करायची आणि लागी तिला हमखास पकडायची.

“लाज नाही वाटत या वयात?” लागी म्हणायची.

“या वयात कसली गं लाज?” सोसे पत्ते पिसायला घ्यायची.

दोन वर्षांत ती दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागली. मीठ कमी आहे, अळूची पानं कच्ची आहेत, अशी नावं ठेवत जेवायची, पण रविवार चुकवत नव्हती.

आणि गेल्या महिन्यात आईची ती मानाची चटई सापडेना. तिच्या घरात पाय टाकणारी माणसं दोनच. पुरावा आणखी कशाला हवा? रविवारी अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत चर्चमधून बाहेर पडत होतं, तेव्हा सोसे चर्चच्या दारातच फिलिपोवर कडाडली, “पांढरे कपडे घातले म्हणून चोराचा साव होत नाही!”

फिलिपो एवढंच म्हणाला, “म्हातारे, घरी जाऊन नीट बघ.”

“बघितलं! तुला घरात घेतलं तेव्हाच बघायला हवं होतं.”

गावाने सोसेचं म्हणणं कधी मनावर घेतलं नव्हतं. हे मात्र घेतलं. बसमध्ये कुणी चढेना, दुकानात लागीशी कुणी बोलेना. तीन आठवडे बस अंगणात उभी राहिली. सोसेला हवी होती तशी शांतता मिळाली, आणि त्या शांततेत तिच्या घशाखाली घास उतरेना. तरी रोज फिलिपोच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय ती आडवी होत नव्हती.

काल अंथरूण उन्हात घालायला काढलं, तर खालच्या दोन जाड चटयांच्या मध्ये ती मानाची चटई निघाली. घडी पडू नये म्हणून तिनेच कधीतरी नीट पसरून ठेवलेली. ज्याला चोर म्हटलं त्याला शिव्या देत ती तीन आठवडे त्या चटईवरच झोपत होती.

ऊन चढलं. पाठ घामाने निथळू लागली. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे दोघंही आत होती आणि त्यांना ती दिसत होती. मनात जुळवून आणलेली वाक्यं केव्हाच पळून गेली. नुसती लाज उरली. भावाच्या मातीला गेली नाही ती लाजही आज तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. चटई उचलूच नये त्याने, असंही तिला एकदा वाटलं. उचलली की त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं.

पायऱ्या वाजल्या. चटईच्या काठाखालून तिला फिलिपोची अनवाणी पावलं दिसली. ती तिच्यासमोर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. कुंपणापलीकडची कुजबूज बंद पडली. मग पावलं वळली आणि दिसेनाशी झाली.

चालला. बरोबरच आहे त्याचं, सोसे मनाशी म्हणाली आणि तिने डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात चटई मागून हलली. कुणीतरी वाकून आत शिरलं आणि तिच्या शेजारी धपकन बसलं.

“मेल्या, तू इथे काय करतोस?” ती घाबरून पुटपुटली. “चटई तू उचलायची असते!”

“सरक थोडी,” फिलिपो म्हणाला. मग बसमधून उतारूंना बोलवायच्या खणखणीत आवाजात त्याने घराकडे हाक मारली, “लागी, बाहेर ये गं! माफी मागायला आलोय. आमच्या घरच्या म्हातारीकडून चूक झालीय.”