भजनी मंडळाचे डोळे

हौसाबाईंनी कार्ड नाकाला टेकेपर्यंत जवळ आणलं आणि त्यावरची बारीक अक्षरं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. "न, ग, ळ, प. र, ट, ण, क." त्यांचा वाचायचा चष्मा बाजूला टेबलावर पडला होता. वय साठीच्या उंबरठ्यावर.

रेवतीने अंतर टिपून घेतलं. आनंदाने त्याखाली दोन रेघाही ओढल्या. असले डोळे पुस्तकात नसतात.

पुस्तक सांगतं ते साधं आहे. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचिक असतं. जवळचं बघताना ते फुगतं आणि अक्षर स्वच्छ दिसतं. वय वाढतं तसं ते ताठर होतं. चाळिशीत माणूस पेपर लांब धरू लागतो आणि साठीत बिनचष्म्याने औषधाची चिठ्ठी वाचायची आशा सोडतो. हे भिंग कुठल्या वयात किती ताठरतं, यावर रेवतीची पीएचडी चालली होती. चालली कसली, रखडली होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं होतं. तपासायला वयस्क माणसंच मिळेनात. राजधानीत, विद्यापीठाला लागून असलेल्या मुनिरक्यात खोल्या घेऊन राहणारी पोरं हवी तितकी, पण ती सगळी विशीतली. अखेर तिच्या आईने, अहिल्याबाईंनी, मनावर घेतलं. ऑफिसातून हाफ डे टाकून त्या सरोजिनी नगरचं आपलं भजनी मंडळ रिक्षांत घालून लॅबमध्ये आणू लागल्या. हौसाबाईही त्याच मंडळातल्या, फौजेतल्या एका सुभेदारांच्या पत्नी. त्या खास कॅन्टोन्मेंटहून आल्या होत्या.

आणि चमत्कार झाला. आठवडाभर आलेली प्रत्येक बाई नाकासमोरचं कार्ड घडाघडा वाचत होती. रेवतीने त्यांना आहार विचारला. नाचणी, तांदळजा, शेवग्याची पानं, सगळं लिहून घेतलं. शुक्रवारी समितीपुढे तिचं प्रेझेंटेशन होतं. समितीला काम पटलं तर प्रबंध पुढे, नाहीतर चार वर्षं पाण्यात. तिने स्लाइड आधीच करून ठेवली होती: 'काही स्त्रियांचे डोळे म्हातारे होत नाहीत.' माणूस एकदा हुरळला की त्याला जगभर हिरवंच दिसतं.

तिच्या गाइड सबरवाल मॅडम चमत्कार बघायला आल्या. त्यांच्यासाठी हौसाबाईंनी पुन्हा एकदा वाचलं. 'प'वर ठेका, 'क'वर लांबलचक हेल.

"रेवती," मॅडम म्हणाल्या, "ये पढ़ रही हैं या गा रही हैं?"

रेवती हसली. मग तिचं हसू मावळलं. बाहेरच्या बाकावरून तोच ठेका, तोच हेल येत होता, चार-पाच गळ्यांतून. कुणीतरी चुटक्यांवर तालही धरला होता. मॅडमनी हौसाबाईंच्या हातातलं कार्ड हळूच फिरवलं. आता त्यांच्यासमोर कोरी बाजू होती. हौसाबाईंनी ती नाकाशी नेली आणि सगळी अक्षरं तितक्याच जोरात म्हटली.

"आई!" रेवती ओरडली.

अहिल्याबाई दारातच उभ्या होत्या. "काय करणार मग? तू कार्डं करत बसलीस तेव्हा एक घेऊन मी मंडळात दाखवलं. एकीलाही वाचता येईना! म्हटलं, सगळ्या नापास झाल्या तर माझ्या पोरीचं काय होणार? ग्रुपवर फोटो टाकला. दोन गुरुवार भजन बंद ठेवून हेच घोकलं."

"चाल माझी हाय. ओवीची," हौसाबाई लाजत म्हणाल्या.

रेवतीला आपली स्लाइड आठवली. शुक्रवार डोळ्यांपुढे आला आणि तिला रडूच फुटलं. "अगं आई, मला त्यांचं न दिसणंच हवं होतं! किती दिसत नाही, तेच तर मी चार वर्षं मोजतेय."

"मग हे मला कधी सांगितलंस?"

कधीच नाही. आई विचारायची तेव्हा रेवती म्हणायची, "छोड ना आई, तुला बोअर होईल." आता तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या बाईने भजन बंद ठेवून तिच्यासाठी बाराखडी घोकून घेतली, तिला दोन वाक्यांत समजावून सांगायला हिला वेळ नव्हता. रडता रडता ती हसायला लागली. मॅडम तर केव्हाच हसून बेजार झाल्या होत्या. "एक ही कार्ड, सबको?" असं त्यांनी रेवतीला रागावून घेतलं. मग स्वतःच्या हाताने नवीन कार्ड लिहिलं आणि ते हौसाबाईंच्या हातात ठेवलं.

हौसाबाईंनी हात पूर्ण लांब केला. दोन अक्षरं चाचपडत लावली. कार्ड थोडं जवळ घेतलं आणि त्या थांबल्या. "गेलं बघ, पोरी. सगळ्या मुंग्या झाल्या."

रेवतीने अंतर मोजलं. पुस्तकात होतं, अगदी तेवढंच. शुक्रवारला अजून वेळ होता आणि मंडळ बाहेर बसलेलंच होतं. "नापास!" ती ओरडली आणि तिने हौसाबाईंना घट्ट मिठी मारली.

मिठीतून सुटून हौसाबाईंनी चष्मा चढवला, पदर सारखा केला आणि दार उघडलं. "घोकायचं बंद करा गं बायांनो! पोरीला आपण नापासच हव्यात, आणि ते आपल्याला न शिकताच येतंय."