बारावा अर्ज

“सूर्य डोळ्यांवर घेतलास?” मास्तर ओरडले. “अगं, नाणेफेक जिंकलीस ना तू? मग झाडाखालची बाजू मागायची सोडून हे काय?”

इस्त्रीवालीने तळहातांना माती चोळली. “असू दे मास्तर. उन्हाची सवय आहे आम्हाला.”

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, निवृत्तीनंतर या मैदानावर पोरींना धावायला शिकवलं, पण इतकी हट्टी शिष्या त्यांना भेटली नव्हती. रस्सीखेचीचा शेवटचा सामना. एक फेरी बायकांची, एक वॉर्ड ऑफिसची. तिसरीत सगळं ठरणार आणि ही सूर्याकडे तोंड करून उभी!

समोर सावलीत ऑफिसचे आठ गडी. सगळ्यात मागे, दोर कमरेला गुंडाळून, शिक्केसाहेब. खरं नाव वेगळं असेल, पण कागद न वाचता शिक्का मारायच्या सवयीने सगळा भाग त्यांना याच नावाने ओळखायचा. वजनाला भारी, म्हणून दर वर्षी शेवटचा गडी तेच, आणि दर वर्षी ढाल ऑफिसच्या कपाटात.

मास्तरांना ढालीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना मैदानाच्या झाडाकडच्या कडेने जाणाऱ्या नाल्यावर फरश्या हव्या होत्या. तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या नावाखाली त्या उचलून नेल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात अकरा अर्ज लिहिले. उत्तर एकच यायचं, शिक्क्यासह. ‘स्थळपाहणी केली असता नाला उथळ असून धोका नाही.’ पाहणीला कुणी काळं कुत्रं आलं नव्हतं.

दहावा अर्ज त्यांनी इस्त्रीवालीच्या लेकीसाठी लिहिला होता. चारशे मीटरला सगळ्या शहरात तिच्या तोडीची पोर नव्हती. सराव करताना कडेच्या पट्ट्यात पाय घसरला, पोर नाल्यात गेली आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. याच क्रीडा सप्ताहात ती धावणार होती. आता कुबड्या टेकवून खुर्चीत बसली होती, मांडीवर मास्तरांची अर्जांची फाईल. “जिंकलो की लगेच दाखवायला, सर,” ती म्हणाली होती.

अकरावा अर्ज द्यायला मास्तर आणि इस्त्रीवाली ऑफिसात गेली, तेव्हा शिक्केसाहेब खुर्चीत रेलून हसले होते.

“अर्जबिर्ज जाऊ द्या हो मास्तर. रस्सीखेचीत आम्हाला हरवा, दुसऱ्या दिवशी फरश्या बसवतो.”

“लेखी द्या,” इस्त्रीवाली म्हणाली.

“माझ्या शब्दावर भरवसा नाही का बाई?”

तिने टेबलावरचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं. मास्तरांना मात्र तेवढा शब्द पुरला.

मग महिनाभर रोज सराव. इस्त्रीवाली, तिची जाऊ, भाजीवाली, शिंपीण, दवाखान्यातल्या दोन आया, आणखी दोघी. मास्तरांनी एकच गोष्ट घोटून घेतली. आठ जणी, हाक एक. इस्त्रीवाली जे म्हणेल ते सगळ्यांनी त्याच क्षणी करायचं.

एकदा चौघी विरुद्ध चौघी खेळताना भाजीवालीच्या बाजूच्यांच्या घामट हातांतून दोर सटकला आणि समोरच्या चौघी एकीवर एक उताण्या पडल्या. सगळ्या हसून हसून बेजार. इस्त्रीवाली तेवढी हसली नाही.

“मास्तर, किती पावलं मागे गेल्या हो या?”

“चार-पाच असतील. का गं?”

“सहज. लागलं असतं एखादीला.”

लेकीच्या पायापासून फार जपते बिचारी, असं मास्तरांना वाटलं होतं.

आज मैदान फुलून गेलं होतं. पाहुण्यांना नाला दिसू नये म्हणून ऑफिसने त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा गालिचा ताणून बसवला होता. सकाळी तो पाहून मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजच्या आज यांचं नाक कापायचं, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

पंचांनी शिट्टी फुंकली.

दोर ताठ झाला. पहिल्या मिनिटाला कुणी तसूभर हललं नाही. मग बायकांचा पाय सरकला.

“टाचा रोवा!” मास्तर किंचाळले. “रोवा!”

एक पाऊल गेलं. दुसरं गेलं. ऑफिसचे गडी चेकाळले, आणखी मागे रेलले. पहिली फेरी चुटकीसरशी जिंकणाऱ्या या बायका, आणि आता त्यांच्या हातांत जोरच नसावा? इस्त्रीवालीचे डोळे उन्हाने बारीक झाले होते. ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती.

“खेच! अगं खेच ना!”

“सोडा!” इस्त्रीवाली म्हणाली.

सोळा हात एकदम उघडले.

ऑफिसचे आठही गडी धडपडत मागे गेले. पुढचे चौघे एकमेकांवर कोसळले. मागचे चौघे हिरव्या गालिच्यावर पडले आणि गालिच्यासकट दिसेनासे झाले.

पंचांनी नियमाप्रमाणे ऑफिसच्या बाजूने हात वर केला. ऑफिस जिंकलं होतं.

मास्तर धावत कडेला गेले. तिघे कसेबसे वर येत होते. शिक्केसाहेब छातीपर्यंत काळ्या पाण्यात उभे होते, कमरेला अजून दोर. “ओढा! अरे, कुणीतरी ओढा!”

इस्त्रीवालीने दोराचं दुसरं टोक उचललं आणि सावकाश हाताला गुंडाळलं. तिची लेक कुबड्या टेकत आली. तिने फाईल उघडून एक कोरा कागद आणि पेन मास्तरांच्या हातात दिलं.

“ओढतो की साहेब,” इस्त्रीवाली म्हणाली. “मास्तर, तेवढा बारावा अर्ज लिहायला घ्या. नाला किती खोल आहे, ते साहेब स्वतः सांगतायत.”