बर्फातला कोळसा

"कोळसा नाही, डॉक्टर. संपला," गोपाळराव म्हणाले. त्यांच्या पाठीमागे, टालीच्या, म्हणजे त्यांच्या वखारीच्या, छपराला टेकेल एवढा कोळशाचा ढीग होता.

ल्यू डॉक्टरांनी ढिगाकडे पाहिलं, मग गोपाळरावांकडे. "एकच टोपली पाहिजे होती. एक काम अडून राहिलं..."

"सांगितलं ना, संपला."

समोरच्या पानठेल्यावर तिघे-चौघे उभे होते, आणि त्यांचे कान टालीकडेच लागले होते. बासष्टचा हिवाळा होता. सरहद्दीवरच्या बर्फात आपली पोरं मेली होती, आणि नागपूरच्या या मोहल्ल्याला हाताशी एकच चिनी सापडला होता. त्याला कोणी काही विकायचं नाही, त्याचा जिना कोणी चढायचा नाही, असं ठरलं होतं. ल्यू डॉक्टर जन्मले याच मोहल्ल्यात, दातांचा धंदा बापापासूनचा, आणि बोली गोपाळरावांपेक्षा अस्सल. पण तोंडवळ्यापुढे बोली कोण ऐकतो? डॉक्टर रिकामी टोपली घेऊन परत गेले.

गोपाळरावांची खरी अडचण घरी होती. आईचे, प्रयागबाईंचे, उरलेसुरले दात ल्यू डॉक्टरांनी काढले होते, कवळीचं माप घेतलं होतं, आणि तेवढ्यात लढाई पेटली. तेव्हापासून म्हातारी पेजेवर होती. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं, आणि दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडायला ती तयार नव्हती.

"काहून गा गोपाळ, डॉक्टर दात कधी देते?"

"तो गावाले गेला, माय."

एक खोटं झाकायला दुसरं. कोळसा उगाळावा तितका काळाच.

माप घेताना डॉक्टरांनीच एक म्हण सांगितली होती. "तुमच्या धंद्यावर आहे, गोपाळराव. बर्फात कोळसा धाडणं." फार जुन्या काळी, चीनमधल्या एका कडाक्याच्या हिवाळ्यात, तिथला राजा शेगडीपाशी बसला होता. अंगावर उबदार झगा, तरी हुडहुडी जाईना. त्याच्या मनात आलं, आपली ही गत, तर ज्यांच्या चुली विझल्या त्यांचं काय होत असेल? त्यानं गोरगरिबांच्या घरोघर तांदूळ आणि कोळसा पाठवला. तेव्हापासून, नेमक्या अडल्या वेळी जो धावून येतो त्याच्यासाठी ही म्हण. "सणाले फुलं आणणारे लय भेटतात," डॉक्टर म्हणाले होते. "बर्फात कोळसा आणणारा एखादाच."

गोपाळराव तेव्हा खुशीत हसले होते. "मंग आमचा धंदा पुण्याचाच म्हना."

डॉक्टर रिकामी टोपली घेऊन परत गेले त्या संध्याकाळी कांताबाईंनी, गोपाळरावांच्या बायकोनं, स्वतः टोपली भरली. "द्या नेऊन. थंडीनं मरन तो माणूस." गोपाळराव टोपली घेऊन फाटकापर्यंत गेले. पानठेल्यावर कोणीतरी खाकरलं. ते माघारी फिरले. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात पोलीस आले. चिन्यांना नजरकैदेच्या छावणीत नेत होते. खोलीला सील लावण्याआधी पंच हवा होता, म्हणून जमादारानं शेजारच्या गोपाळरावांनाच वर बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

खोली उघडीबोडकी झाली होती. स्टूल नव्हतं, कपाटाला फळ्या नव्हत्या. जिच्यावर बसून अर्ध्या मोहल्ल्यानं दात दाखवले, त्या सागवानी खुर्चीचा नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. चुलीत राख साचली होती आणि राखेत बिजागऱ्या होत्या. जमादारानं काठीनं राख उकरली.

"कागद जाळले यानं. काहीतरी लपवून राहिला."

कागद नाहीत, गोपाळरावांना कळलं. थंडी. आपल्यापायी या माणसानं घर जाळून अंग शेकलं. त्यांची मान वर होईना.

डॉक्टर भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. ते उठले, खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि गोपाळरावांच्या हातात ठेवलं. जमादारानं फडकं सोडून पाहिलं. आत कवळी होती.

"मायचे दात," डॉक्टर म्हणाले. "साचा पाण्यात घालून उकळा लागते, मधी आच विझू देता येत नाही. तुमचा कोळसा संपला होता, म्हणून खुर्ची जाळली. उशीर झाला, गोपाळराव. राग नका मानू."