बादलीवरचा उजेड

दहा वाजून सात मिनिटांनी उजेड आला, आणि वाळूच्या बादलीवर पडला.

आग विझवायची लाल बादली. नव्या प्रार्थनाघराच्या भिंतीशी कुणीतरी टेकवून ठेवलेली. छतातल्या फटीतून उन्हाची लांबलचक पट्टी थेट तिच्यावर उतरली आणि ती अशी काही झळाळली, की मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी तिलाच हात जोडले. स्थापनेच्या दिवशी, वर्षातून एकदाच, बरोबर या घटकेला उजेड पडायचा होता तो चौथऱ्यावर. चौथरा चार पावलं अलीकडं सावलीत बसून राहिला, जेवायला बोलावून कुणी पान न मांडलेल्या पाहुण्यासारखा.

सगळ्यांनी माना वळवून आर्किटेक्टकडं पाहिलं. दीडशे माना एकदम वळल्या की वारा सुटतो. त्या वाऱ्यानं त्याच्या कपाळावरचा घाम गार झाला. यात अतिशयोक्ती असलीच तर ती माना मोजण्यात असेल.

हे असं कसं झालं, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

कसं झालं ते बादली झळाळली तेव्हाच त्याला कळलं होतं. पायाच्या आखणीच्या दिवशी दिशा पाहायला त्यानं होकायंत्र जीपच्या बॉनेटवर ठेवलं होतं. खाली एवढं लोखंड असताना सुई कशाला उत्तरेकडं तोंड करते? म्हातारा मिस्त्री तेव्हा म्हणालाही होता, की पोरा, उद्या ऊन बघू आणि मग खुंट्या मारू. पोरानं हसून सांगितलं होतं, की उन्हाला ढग आडवे येतात, सुईला येत नाहीत. मग काय, सगळी इमारतच जराशी फिरून बसली.

हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"मिस्त्रीनं आखणी तिरकी केली."

मिस्त्री दाराशीच उभा होता, धुतलेला सदरा घालून. अकरा वर्षं तो या माणसाला 'अरे पोरा' म्हणत आला होता. ओळंबा कसा धरायचा तेही त्यानंच शिकवलेलं. त्यानं एकदा बादलीकडं पाहिलं आणि एकदा पोराकडं.

"साहेब म्हणतायत तर असेल," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात शाळेच्या इमारतीचं काम या मिस्त्रीला मिळायचं होतं. ते देणारे तिघेजण पहिल्याच बाकावर होते. तिघांची डोकी एकत्र आली, तिन्ही हलली आणि पुन्हा सुटी झाली. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव जायला तेवढा वेळ पुरला.

अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. उजेड काही हलवता येत नाही, तेव्हा चौथरा हलवायचा. ज्यानं वाकडं केलं त्यानंच सरळ करायचं. मिस्त्री मुकाट्यानं खडू आणि दोरी आणायला गेला.

मग चहा आला. आर्किटेक्टनं एक घोट घेतला. त्यानं कप ठेवून दिला.

"बाई, मिस्त्रीची काही चूक नाही. दिशा मी दाखवली. मी सांगितलं तिथंच त्यांनी खुंट्या मारल्या. मघाशी मी खोटं बोललो."

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"ऐकलंत?" त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत. आहे का आजकाल असं कुणी?"

आर्किटेक्टनं बॉनेटची गोष्ट सांगितली. तेव्हा खजिनदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते म्हणाले, आता बिचाऱ्या जीपवर खापर फोडताय. त्यानं खिशातून होकायंत्र काढलं. म्हणाला, जीप बाहेरच उभी आहे, चला, डोळ्यांनी बघा. कुणी उठलं नाही. चहा गरम होता, आणि एवढ्या भल्या माणसाची परीक्षा घ्यायची कशाला? तो जसजसा शपथा घेत गेला तसतसे त्यांचे चेहरे मऊ पडत गेले. इतकं खरं बोलून इतका खोटा आजवर कुणी ठरला नसेल, आणि खोटा ठरूनही इतका वंदनीय तर नाहीच नाही. मागच्या बाकावरच्या आजोबांनी आता त्यालाही हात जोडले.

शाळेचं काम त्यानंच करावं असं तिथल्या तिथं ठरलं. मिस्त्री तेवढा दुसरा बघा, असं तिघांपैकी एकानं हळूच सुचवलं. मिस्त्री हेच, नाहीतर मलाही काम नको, असं आर्किटेक्ट म्हणाला.

"बघा," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अजूनही."

मिस्त्री गुडघ्यांवर बसून बादलीच्या कडेनं फरशीवर खडू ओढत होता. आर्किटेक्ट त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. उद्या सगळ्यांना पुन्हा गोळा करतो, कागदावर लिहून देतो, असं काहीबाही तो पुटपुटत राहिला.

"नको," मिस्त्री म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "तुम्ही जेवढ्या वेळा सांगाल तेवढे मोठे व्हाल, साहेब. आणि मी तेवढाच वाकडा."

दोरीचं एक टोक त्यानं आर्किटेक्टच्या हातात दिलं, हलू नका म्हणून सांगितलं आणि दुसरं घेऊन पलीकडं गेला. तिथं त्यानं खूण केली आणि दोरी खाली ठेवून दुसऱ्या कामाला लागला.

आर्किटेक्ट टोक धरून बसला. ऊन खडूच्या रेघेवरून सरकलं, फरशी ओलांडून भिंतीवर चढलं आणि दिसेनासं झालं. सोड, असं त्याला कुणी म्हटलं नाही.