चौसष्ट ठिकाणी

धर्मराज साहेबांनी पुस्तिकेचं शेवटचं पान उलटलं, पुन्हा मधलंच एक उघडलं आणि म्हणाले, "वा. कुठलंही पान काढा, एकसारखं."

टेबलापुढं उभ्या असलेल्या नाहिदला बरं वाटलं. चार महिने ती याच एका शब्दासाठी खपली होती. या बियाणं कंपनीच्या गोदामातली सगळी आवक-जावक एका जुनाट प्रोग्रॅमवर चालायची. त्यात ना चित्रं ना बटणं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि श्वास रोखून बसायचं. त्या चौसष्ट कमांडींची पुस्तिका कारभारीकाकांनी बावीस वर्षांत सुचेल तशी लिहिली होती. एक कमांड ठळक, दुसरी लाल, तिसरी अवतरणचिन्हांत. ती चिन्हंही कमांडीतलीच समजून गोदामातल्या शालूबाईनं एकदा अख्खी सकाळ यंत्राशी भांडण्यात घालवली होती.

नाहिदनं सगळ्याला वळण लावलं. प्रत्येक पानावर तेच पाच मथळे: काम, कमांड, उदाहरण, सावधान, मदत. कमांड सगळीकडं एकाच टाइपात, राखाडी चौकटीत. 'हे दाबायच्या आधी पाणी प्या, एकोणीस साली मी रडलो होतो' असल्या ओळींना कात्री लागली आणि त्या जागी सरळ 'माहिती पुसली जाईल' असं आलं.

अडली ती मदतीपाशी. काकांनी जवळपास प्रत्येक कमांडीखाली काहीतरी खरडलेलं होतं. कुठं 'अडलं तर कारभारीला सांगा', कुठं 'काकाला आवाज द्या', कुठं 'मी कँटीनमधी असतो', एका पानावर नुसताच फोन नंबर. तिनं चौसष्टही पानांवर एकच ओळ बसवली: 'मदत: कारभारी, मुख्य ऑपरेटर', आणि पुढं नंबर. मुख्य ऑपरेटर हे पद तिनंच मनानं दिलेलं. कंपनीनं काकांना हमाल म्हणून घेतलं होतं आणि कागदोपत्री ते अजून हमालच होते.

"काका, उद्या तुमचा नंबर बदलला तरी टेन्शन नाही," तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. "ओळ सगळीकडं एकच आहे. एक कमांड मारली की चौसष्ट पानं बदलतात."

"एका दमात?"

"एका दमात."

काका खूश झाले होते. या महिन्यात त्यांना साठ पूर्ण होत होती. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज साहेबांकडं पडून होता आणि त्यांच्या लेकीच्या, प्रियदर्शनीच्या, नर्सिंगचीही दोनच वर्षं राहिली होती. "पुस्तक नीट झालं की साहेबाला कळंल मी काय करून राह्यलो ते," असं म्हणत त्यांनी ड्यूटी संपल्यावर मंठ्याची बस सोडून सोडून नाहिदशेजारी बसकण मारली होती. पुस्तकात कधी न लिहिलेलं, हाताला ठाऊक असलेलं, तेही सगळं तिला सांगून टाकलं. काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही.

आता ते कूलरशेजारी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"कारभारी, तुमचा अर्ज बघितला मी," साहेब म्हणाले. "पण आता पुस्तकात सगळंच बराबर आलंय. नवा माणूस दोन दिवसांत शिकेल. मग मुदतवाढ देऊन करायचं काय? एक तारखेपासून आराम करा. रोजची बसची दगदग सुटली."

काकांनी मान हलवली. साहेबांच्या कुठल्याही बोलण्यावर ते आधी मान हलवायचे आणि मग त्याचा अर्थ लावायचे.

"सर, पण काही अडलं तर?" नाहिद म्हणाली.

"पुस्तक आहे ना. तुम्हीच तर केलंय." साहेबांनी पुस्तिका तिच्याकडं सरकवली. "हां, तेवढं प्रत्येक पानावर यांचं नाव आलंय. तिथं कार्यालयाचा नंबर टाका. दुपारी छापायला द्यायचंय. किती वेळ लागेल?"

दोन दिवस, असं ती सांगू शकली असती. निदान आजचा दिवस तरी टळला असता. तोंड उघडेपर्यंत मागून काकांचा आवाज आला.

"अर्धा मिनिट लागंल, साहेब. तसंच बनवलंय तिनं."

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला शरम वाटली, आणि साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. काका मागोमाग आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, रोज राहायचे तसेच. तिनं जुनी ओळ लिहिली. त्यापुढं नवी लिहिली. मग बोट बटणावर तसंच राहिलं.

"दाब ना," काका म्हणाले. "साहेब वाट बघून राह्यले."

तिनं दाबलं. काळ्या पडद्यावर लगेच उत्तर आलं: चौसष्ट ठिकाणी बदल झाला.

काकांनी वाकून ती ओळ ओठ हलवत वाचली.

"एकबी सुटलं न्हाई?"

"नाही, काका."

"बराबर," ते म्हणाले. "माझ्या हातचं असतं, तर दोन-चार ठिकानी राह्यलो असतो."